‘निकाली’ म्हणजे निकाल नव्हे, आणि ‘डिफॉल्ट’ म्हणजे न्याय नव्हे!

पोस्ट मोठी आहे. पण ज्यांच्या घरात एखादा दिवाणी दावा चालू आहे त्यांनी शेवटपर्यंत वाचा. आणि आपल्या तालुक्यात असं घर शोधायला फार लांब जावं लागत नाही.

एखादा दावा ‘निकाली’ निघाला असं ऐकलं की तुम्हाला काय वाटतं? दोन्ही बाजू ऐकल्या, साक्षीपुरावे झाले, जजसाहेबांनी निकाल दिला. बरोबर? तर मंडळी, दरवेळी तसं नसतं. कोर्टाच्या हिशेबात ‘निकाली’ या एका शब्दात पोटभर युक्तिवाद होऊन लागलेला निकालही बसतो आणि पुकारा झाला, कोणीच उठलं नाही म्हणून दोन ओळींत काढून टाकलेला दावाही बसतो. ई-कोर्ट्सच्या ॲपवर जाऊन बघा. निकालाच्या रकान्यात ‘अनकन्टेस्टेड – डिसमिस्ड इन डिफॉल्ट’ असं दिसलं, तर समजा की या प्रकरणात कोणाचं काही ऐकलेलं नाही. जमीन कोणाची, हिस्सा किती, वाट कुठून, यातलं काहीही ठरलेलं नाही. फाईल तेवढी कपाटातून हलली.

मी गेली अठरा-वीस वर्षं बातमीसाठी कोर्टाच्या आवारात जातो. खून-दरोड्याच्या निकालाला आम्ही सगळे पत्रकार हजर. पण रोज बोर्डावरून गुपचूप उतरणाऱ्या या दाव्यांची बातमी कोणी करत नाही. आरोपी नाही, शिक्षा नाही, फोटो नाही. म्हणून आज हे लिहितोय.

मागच्या महिन्यात एक मावशी भेटल्या. वय सत्तरच्या आसपास. नाव-गाव सांगत नाही, त्यांना त्याच गावात राहायचंय. वडिलांच्या जमिनीत हिस्सा मिळावा म्हणून त्यांनी भावांवर वाटपाचा दावा केला होता. जमीन विकू नये म्हणून तात्पुरता मनाई हुकूमही मिळाला होता. दरवेळी एसटीने यायचं, वकीलसाहेबांना भेटायचं, पुढची तारीख वहीत लिहून घ्यायची, परत जायचं. मग साहेब आजारी पडले. ‘मी कळवतो, उगाच हेलपाटे घालू नका’ असं म्हणाले. काही महिन्यांनी ते वारले. मावशींना ते कळलंच नाही, त्या आपलं निरोपाची वाट बघत बसल्या. निरोप येणार कुठून?

एका तारखेला पुकारा झाला. वादीकडून कोणी नाही. प्रतिवादीकडूनही कोणी नाही. रोजनाम्यात नोंद झाली, दावा काढून टाकला. मावशींना पत्ता लागला तो वर्षभरानंतर, शेतात मोजणीचे खुंट दिसले तेव्हा.

आता कोणी म्हणेल, चूक त्यांचीच, तारखेला जायला नको का? थांबा. आधी कायदा काय म्हणतो ते बघू. कारण कायदा आपल्याला वाटतो तेवढा निर्दयी नाहीये. निर्दयी झाली आहे ती त्याची अंमलबजावणी.

दिवाणी प्रक्रिया संहिता १९०८ सालची. तिच्यातला आदेश ९ हा हजेरी-गैरहजेरीचा. नियम ३ सांगतो की सुनावणीसाठी पुकारा झाल्यावर दोन्ही पक्ष गैरहजर असतील तर कोर्ट दावा काढून टाकू ‘शकतं’. शकतं! टाकलाच पाहिजे असं तिथे लिहिलेलं नाही. पुढची तारीख देता येते, पक्षकाराला कळवता येतं.

नियम ८ वेगळा. प्रतिवादी हजर, वादी गैरहजर, आणि प्रतिवादीला दावा कबूल नाही, तर मात्र दावा काढायचाच असतो.

फरक साधा वाटतो, पण परिणाम बघा. दोघेही गैरहजर म्हणून दावा गेला, तर नियम ४ प्रमाणे वादीपुढे दोन वाटा असतात. मुदतीत बसत असेल तर नवा दावा करा, किंवा तोच दावा पुन्हा फाईलवर घ्या म्हणून अर्ज करा. याच अर्जाला आपल्याकडे ‘रिस्टोरेशन’ म्हणतात. पण वादी गैरहजर आणि प्रतिवादी हजर असताना दावा गेला, तर नियम ९ प्रमाणे त्याच कारणावर नवा दावा करता येत नाही. रिस्टोरेशन ही एकच वाट उरते. म्हणजे समोरच्या बाजूचा एक ज्युनियर वकील त्या दिवशी नुसता उठून ‘हजर’ म्हणाला, तर तुमच्यासमोरचा एक दरवाजा बंद होतो. आपल्या गावातल्या किती पक्षकारांना हे माहीत आहे? विचारून बघा.

आणि ‘नवा दावा करा की’ हे बोलायला सोपं आहे. साठेखताच्या पूर्ततेच्या दाव्याला मुदत तीन वर्षांची. जुना दावाच सात-आठ वर्षं चाललेला असेल तर नव्याला मुदत उरलीय कुठे? वाटपाच्या दाव्यात हक्क सहसा टिकून राहतो हे खरं. पण पुन्हा कोर्ट फी, पुन्हा समन्स, पुन्हा सगळ्या भावा-पुतण्यांचे पत्ते, पुन्हा मनाई हुकूम. सत्तरीच्या बाईने पहिल्यापासून सुरू करायचं?

आता मुदतीची गंमत ऐका. मुदत अधिनियम १९६३, अनुच्छेद १२२. काढून टाकलेला दावा पुन्हा फाईलवर घेण्यासाठी तीस दिवस. हे तीस दिवस कधीपासून? तुम्हाला कळल्यापासून नाही. दावा काढल्याच्या तारखेपासून!

लगेच खालचा अनुच्छेद १२३ वाचा. प्रतिवादीविरुद्ध एकतर्फी हुकूमनामा झाला आणि त्याला समन्स नीट बजावलेलंच नव्हतं, तर त्याचे तीस दिवस त्याला माहिती झाल्यापासून मोजतात. म्हणजे एखाद्याला कळलं नसेल तर त्याचं घड्याळ थांबलं पाहिजे, हे कायद्याला समजतं. मग ज्या वादीचा वकील वारला, ज्याला कोणी कळवलंच नाही, त्याचं घड्याळ का पळत राहतं? त्याला कळेपर्यंत तीस दिवस उलटून गेलेले असतात. मग कलम ५ खाली विलंब माफीचा वेगळा अर्ज. आधी उशीर का झाला ते सिद्ध करा. मग त्या दिवशी गैरहजर का होतात ते सिद्ध करा. एवढं झाल्यावर कुठे मूळ दावा पुन्हा सुरू होणार, तोही जिथे थांबला होता तिथून.

आणि या अर्जांची नोटीस समोरच्याला काढतात. नियम ९ मध्ये नोटीस सक्तीची आहे, ते ठीक. नियम ४ मध्ये, म्हणजे दोघेही गैरहजर असताना, संहितेच्या मूळ मजकुरात ती अट नाही. विलंब माफी मागायची झाली की मात्र समोरच्याला ऐकावंच लागतं. मग पाच भाऊ-पुतणे, त्यातला एक पुण्याला, एक वारलेला, त्याचे वारस वेगळे. नोटीस परत येते, ‘सदर पत्त्यावर राहत नाही’. पुन्हा पत्ता, पुन्हा भत्ता, पुन्हा बेलिफ. एका दिवसाच्या गैरहजेरीची किंमत वर्षांत मोजावी लागते. आणि त्या काळात मनाई हुकूमही नाही, कारण दावाच नाही. दावा पुन्हा फाईलवर आला की आधीचा अंतरिम हुकूमही सहसा जिवंत होतो, असं सुप्रीम कोर्टाने २००४ साली वरीद जेकब प्रकरणात म्हटलंय. पण मधल्या काळात प्लॉट पडले, खरेदीखतं झाली, पाया खणला गेला, तर तो गुंता कोण सोडवणार?

याउलट सुप्रीम कोर्टाची भूमिका बघा. १९५५ च्या संग्राम सिंह प्रकरणापासून ते सांगत आलंय की प्रक्रियेचा कायदा न्यायाला मदत करायला आहे, लोकांना शिक्षा करायला किंवा त्यांचे पाय अडकवायला नाही. १९८१ सालचं रफिक विरुद्ध मुन्शीलाल प्रकरण तर प्रत्येक पक्षकाराने लक्षात ठेवावं. वकील सुनावणीला गेला नाही म्हणून पक्षकाराचं अपील गेलं होतं. सुप्रीम कोर्ट म्हणालं, खेड्यातल्या माणसाने वकील लावला, फी दिली, आता वकील बघेल या विश्वासावर तो राहिला, तर त्याचा दोष काय? वकिलाच्या चुकीची शिक्षा निर्दोष पक्षकाराला नको. एवढंच नाही, खर्च गैरहजर वकिलाकडून वसूल करा असंही सांगितलं. १९८७ च्या कातिजी प्रकरणात म्हटलं की विलंबाचा प्रत्येक दिवस समजावून सांगा हा नियम किस काढत बसण्यासाठी नाही. २००० साली जी. पी. श्रीवास्तव प्रकरणात सांगितलं की गैरहजेरीचं कारण त्या नेमक्या तारखेपुरतं बघा, मागची सगळी कुंडली काढू नका.

हो, दुसरी बाजूही आहे. १९९३ च्या सलिल दत्ता प्रकरणात सुप्रीम कोर्टाने वकिलावर खापर फोडणाऱ्याला दाद दिली नाही. पण का दिली नाही ते वाचा. समोर कलकत्त्यातली खासगी कंपनी होती, अडाणी खेडूत नव्हता. म्हणजे कंपनीला एक माप आणि एसटीने येणाऱ्या मावशीला दुसरं माप लावायला सर्वोच्च न्यायालयाने स्वतःच सांगितलंय. आपल्याकडे मात्र बऱ्याचदा दोघांनाही एकच छापील उत्तर मिळतं: ‘पुरेसे कारण दाखविले नाही.’

आता नेहमीचा आक्षेप. ‘जो झोपतो त्याला कायदा मदत करत नाही. वादी मुद्दाम दावे लांबवतात, मनाई हुकूम घेऊन बसतात, तारखेला येत नाहीत. अशांचे दावे काढायचे नाहीत तर काय करायचं?’

आक्षेप खोटा नाही. असे वादी आहेत, मी त्यांना नावानिशी ओळखतो. एका न्यायाधीशासमोर रोजचा बोर्ड केवढा असतो तेही मी बघतो. जागा रिकाम्या, स्टाफ अपुरा, त्यात जुने दावे लवकर संपवा म्हणून वरून रेटा. माझा रोख कोणा एका न्यायाधीशावर नाही.

पण जरा विचार करा, डिफॉल्टमध्ये सापडतं कोण? दावा मुद्दाम लांबवणारा? छे! तो पक्का असतो. त्याचा वकील नाही तर ज्युनियर, ज्युनियर नाही तर मुदतअर्ज, काहीतरी हजर असतंच. चुकून दावा गेलाच तर दहाव्या दिवशी त्याचा रिस्टोरेशनचा अर्ज तयार. तीस दिवसांच्या आत, सोबत दवाखान्याचा दाखला. सापडतो तो विश्वास ठेवून बसलेला. ज्याचा वकील वारला, ज्याच्या वकिलाने परस्पर ‘नो इन्स्ट्रक्शन’ची पुरसीस देऊन अंग काढून घेतलं, जो ऊसतोडीला लांब गेला, जी बाई सासरी आहे आणि माहेरी तिच्या नावाने आलेला कागद भावाच्याच घरात पडतो. लांबवणाऱ्याला धडा शिकवायचा असेल तर खर्च बसवा, कलम ३५ब त्यासाठीच आहे. एका पक्षाला तीनपेक्षा जास्त मुदती नकोत हा नियम आदेश १७ मध्ये २००२ पासून आहे, तो पाळा. तो कोणी पाळत नाही! वर्षानुवर्षं मुदतीमागून मुदती देणारी व्यवस्था एका दिवशी अचानक शिस्तीची होते, आणि त्या दिवशी नेमका गरीब माणूस गैरहजर असतो. याला शिस्त म्हणायचं?

त्या ‘नो इन्स्ट्रक्शन’ पुरसीसबद्दलही सांगतो. वकीलपत्र एकदा दाखल झालं की कोर्टाच्या परवानगीशिवाय ते संपत नाही, असं आदेश ३ नियम ४ सांगतो. ते आपोआप संपतं ते पक्षकार किंवा वकील वारल्यावर, किंवा कामकाजच संपल्यावर. १९९८ च्या मलकियत सिंग प्रकरणात सुप्रीम कोर्टाने म्हटलं की वकील ‘मला सूचना नाहीत’ म्हणत असेल तर कोर्टाने पक्षकाराला नोटीस काढायला हवी होती. म्हणजे मावशींचे वकील वारले त्या दिवशी त्या कायद्याच्या दृष्टीने वकिलाविना उभ्या होत्या, आणि हे त्यांना सांगायची जबाबदारी कोणाचीच नव्हती. ना कोर्टाची, ना बारची, ना कारकुनाची. त्यांचा पत्ता दाव्यात होता. पक्षकाराने बजावणीसाठी आपला पत्ता द्यावा अशी तरतूद आदेश ६ नियम १४अ मध्ये १९७६ च्या दुरुस्तीपासून आहे. पत्ता आहे, पोस्ट आहे, बेलिफ आहे. एक साधं पत्र पाठवायला काय हरकत होती?

आता ‘मुलींना समान हक्क’ या घोषणेचं बघा. २००५ साली कायदा बदलला, ११ ऑगस्ट २०२० ला विनीता शर्मा प्रकरणात सुप्रीम कोर्टाने शंका संपवली की मुलीचा हक्क जन्माने आहे. आम्ही पहिल्या पानावर बातम्या छापल्या. पण तो हक्क मिळतो कुठे? तालुका कोर्टात, वाटपाच्या दाव्यात. आणि तो दावा न ऐकताच कपाटात गेला तर दिल्लीचा निकाल मावशीच्या काय कामाचा?

म्हणून माझ्या मागण्या. यातल्या कशालाही नवा कायदा लागत नाही.

एक. दोन्ही पक्ष गैरहजर असतील तर दावा काढण्याआधी वादीला त्याच्या पत्त्यावर एक नोटीस किंवा मोबाईलवर एक मेसेज जावा. नियमातल्या ‘शकतं’ या शब्दाला काहीतरी अर्थ असू द्या.

दोन. पक्षकाराला कळवल्याची पोच जोडल्याशिवाय ‘नो इन्स्ट्रक्शन’ पुरसीस मंजूर होऊ नये.

तीन. रिस्टोरेशनचा अर्ज तीस दिवसांत आला असेल तर वाजवी खर्च बसवून तो महिन्याभरात निकाली काढावा. दोघेही गैरहजर होते तिथे तर समोरच्यालाही तक्रारीला फारशी जागा नाही, तो स्वतः कुठे आला होता?

चार. ‘निकाली’ आकडा जाहीर करताना गैरहजेरीत काढलेले दावे वेगळे दाखवावेत, आणि त्यातले किती परत फाईलवर आले तेही. आज एकच दावा एकदा डिफॉल्टने ‘निकाली’ निघतो, मग त्याचा अर्ज ‘निकाली’ निघतो, मग दावा पुन्हा ‘निकाली’ निघतो. काम एक, हिशेब तीनदा.

पाच. आपल्या वकील संघाला हात जोडून विनंती. सभासद वारले किंवा अंथरुणाला खिळले तर त्यांच्या फायलींची यादी करून पक्षकारांना कळवायची जबाबदारी संघाने घ्यावी. श्रद्धांजली म्हणून एक दिवस कामकाज बंद ठेवता, त्याच दिवशी हेही करा.

आणि आता तुमच्यासाठी, वाचकांसाठी.

आजच वकिलांकडून दाव्याचा सीएनआर नंबर घ्या. तो सोळा अंकी-अक्षरी असतो. ई-कोर्ट्स सर्व्हिसेस ॲपवर टाकला की पुढची तारीख, रोजनामा, सगळं दिसतं, फुकट. घरातल्या कॉलेजच्या पोराला सांगा, दोन मिनिटांचं काम आहे. तुमचा मोबाईल नंबर दाव्याच्या नोंदीत आहे का ते विचारा. असेल तर मेसेज येतो. जुन्या दाव्यात बहुतेक नसेल, अर्ज देऊन टाकून घ्या.

दावा डिफॉल्टमध्ये गेला असेल तर एक दिवसही घालवू नका. आदेशाची नक्कल मागा. त्यात प्रतिवादी हजर होता की गैरहजर ते आधी बघा, कारण नियम ४ की नियम ९ ते त्यावर ठरतं. तीस दिवस उलटले असतील तर विलंब माफीचा अर्ज सोबत जोडा. कारण खरं लिहा. दवाखान्याचे कागद, वकिलांच्या मृत्यूचा दाखला, जे आहे ते लावा. खोटा दाखला आणू नका, तो पकडला गेला की खरं कारणही बुडतं. नियम ९ चा अर्ज फेटाळला तर अपील करता येतं. नियम ४ चा फेटाळला तर अपिलांच्या त्या यादीत तो नाही, मग हायकोर्टाची पायरी चढावी लागते, म्हणून पहिलाच अर्ज नीट करा.

पैसे नसतील तर तालुका विधी सेवा समितीकडे जा, कोर्टाच्याच आवारात असते. १९८७ च्या कायद्याप्रमाणे महिला, अनुसूचित जाती-जमाती, दिव्यांग यांना उत्पन्न न बघता मोफत वकील मिळतो. हेल्पलाईन १५१००.

मावशींचा अर्ज दाखल झालाय, सुनावणी बाकी आहे. त्यावर काय व्हावं हे मी सांगणार नाही, तो कोर्टाचा अधिकार आहे. उद्या त्या दावा हरल्या तरी चालेल असं त्या स्वतःच म्हणतात. ‘पण माझं ऐकून तरी हरवा,’ एवढंच त्यांचं म्हणणं आहे.

कमेंटमध्ये तुमचा अनुभव लिहा, पण वकिलांचं किंवा न्यायाधीशांचं नाव नको, आणि चालू दाव्याची माहितीही नको. ज्यांचे दावे डिफॉल्टमध्ये गेलेत त्यांनी मेसेज करा. पुरेशी प्रकरणं जमली की एकत्र निवेदन करून वकील संघाला आणि जिल्हा न्यायालयाला देऊ. निवेदनावर सही करायला कोण कोण येतंय?